भासऱ्यांचा पंप

देवाने पहिल्यांदा मातीची माणसं घडवायला घेतली असतील, तेव्हा आमचे भासरे नक्की त्या ढिगाशी उभे राहून, चिमूटभर माती बोटांत चोळून, "यात रेती किती टाकली जी?" असं विचारत असतील. देवाने खरं उत्तर दिलं असतं तरी त्यांनी ते मानलं नसतं. उलट, एवढ्या लवकर उत्तर दिलं म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं होतं, असं घरी येऊन सांगितलं असतं. इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. तशी मी माणसं फार पाहिलेलीच नाहीत. लग्न होऊन गोंदियाकडच्या खेड्यातून भिलाईला आले, आधी स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि मग जुनवानीच्या या घरात, आणि दोन्हीकडे माझी जागा स्वयंपाकघराच्या पडद्यामागे. पण त्या पडद्यामागून एकच माणूस इतकी वर्षं ऐकला, की गावभर फिरून आल्यासारखं झालं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं; ते आणि जाऊबाई, आमचे हे आणि मी, असे सगळे एकाच घरात राहत होतो.

त्यांचा दिवस दुधापासून सुरू व्हायचा. दूधवाला दारात आला की भासरे गंजात, म्हणजे दुधाच्या पातेल्यात, बोट बुडवून नखावर थेंब घ्यायचे आणि उन्हाकडे धरून पाहायचे. थेंब घरंगळला तर म्हणायचे, "पाणी." थांबला तर म्हणायचे, "यात काहीतरी घट्ट टाकलं." शेवटी दूधवाला कंटाळून म्हणाला, "बाबूजी, आप खुद आके दुहवा लो." भासरे खरंच गेले. सायकल काढून त्याच्या गोठ्यावर पोचले, म्हशीशेजारी उकिडवे बसले, डोळ्यांदेखत दूध काढून घेतलं आणि घरी आणलं. आम्हाला वाटलं, आता मिटलं. पण चहा पिता पिता यांना म्हणाले, "दुधात काही नाई. पण म्हशीचं सांगता येत नाई. ते मायाकडे पाहूनच नाई राहिली होती."

टरबूज घ्यायचं तर त्याहून कठीण. विकणाऱ्याने कापून दाखवलं तर "लाल रंग टोचला असंल", आणि नाही दाखवलं तर "कापाले काऊन भेते?" घरात दोन कॅलेंडरं होती, एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहायला. दोन्हीत एकादशी एकाच दिवशी आली की ते म्हणत, "दोघाईनं मिळून छापलं." कुलूप लावलं की तीनदा ओढायचे, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढायचे. असंच एकदा ओढता ओढता कडीच उचकटून हातात आली, तर विजयाने म्हणाले, "पाहा, मी म्हणत होतो नं?" एकदा हे ड्यूटीवरून आले आणि दार वाजवलं. आतून भासरे म्हणाले, "कोण?" हे म्हणाले, "मी." "मी कोण?" "दादा, मी, तुमचा भाऊ." आत कडी वाजली, पण दार उघडलं नाही. मग, "आपल्या मायच्या माहेरचं गाव सांग." हे सांगून आत आले खरे, पण त्या दिवसापासून लहानसहान कामासाठी बाहेर जातानाही किल्ली घेऊन जाऊ लागले.

हा स्वभाव त्यांनी जन्मतः आणला की प्लांटच्या गेटातून, ते मला सांगता येणार नाही. त्यांची सारी नोकरी गॅसच्या पाइपांवर गेली. पुरुषभर उंचीचे पाइप, त्यातून वाहणारा गॅस, आणि भासरे त्यांच्या सांध्यासांध्याला कान लावून फिरणार. तो गॅस मोठा लबाड, त्याला ना रंग ना वास, असं ते सांगत. "ज्याचा वास येते त्याले कोणी भेत नाई. ज्याचा येत नाई त्याच्यावर डोया ठेवा." नव्या पोरांना ते पहिल्याच दिवशी एक धडा द्यायचे आणि घरी येऊन जाऊबाईंना तोच धडा पुन्हा ऐकवायचे, त्यामुळे पडद्यामागे मलाही तो पाठ झाला होता. "फुस्स ऐकू आलं का पयले दम बंद. मंग तोंड फिरवाचं. मंग पाय उचलाचे. इचार घरी जाऊन कराचा." त्यांच्या टोळीत कधी कोणाला काही झालं नाही. लोक म्हणत नशीब चांगलं. मला वाटतं, भासरे वाईट.

अशा माणसाने उभ्या जन्मात डोळे मिटून विश्वास ठेवला तो एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट म्हणजे बिडी. पान कुठलं, तंबाखू कसली, वळली कोणी, काही एक विचारलं नाही. दूध नखावर तपासणारा माणूस बिडीचा कट्टा न पाहता खिशात टाकायचा. जाऊबाई म्हणायच्या, "तिच्यावर तेवढा भरोसा, मायावर नाई." जाऊबाई गेल्या त्या दिवसापासून त्यांनी बिडी सोडली. पण तोवर बिडीने आपलं काम केलेलं होतं.

जाऊबाई गेल्या आणि आमच्या घरात एक वेगळीच अडचण उभी राहिली. आमच्यात भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्यासमोर येत नाही. डोक्यावर पदर, तोंडाने शब्द नाही, आणि चुकूनही अंगाला हात लागायचा नाही. शहरात हे सारं सुटत चाललं आहे, आमच्या घरात राहिलं. कोणी सक्ती केली नव्हती. मी मूळचीच लाजाळू. मला तो पदर भिंतीसारखा आधाराचा वाटे. भासरे मला माहीत होते ते आवाजावरून, पाठीवरून आणि दारातल्या चपलांवरून. जाऊबाई होत्या तोवर निरोप त्यांच्या हाती इकडचे तिकडे जायचे. आता हे शिफ्टला गेले की घरात आम्ही दोघंच, आणि मध्ये कोणी नाही.

तेव्हा भासऱ्यांनी रेडिओ मध्ये घेतला. त्यांच्या खोलीच्या खिडकीत जुना रेडिओ होता. तो कधीचा बंद पडलेला, आणि दुरुस्त करणारा आतला चांगला भाग काढून घेईल म्हणून बंदच राहिलेला. एका दुपारी ते त्या रेडिओला म्हणाले, "रेडिओ, आज चहा भेटंल काय?" मी पडद्यामागे दचकले. उत्तर तर द्यायला हवं, पण त्यांना कसं देणार? माझ्याजवळ माठ होता. मी माठाला म्हटलं, "माठा, दूध तापून राहिलं, आताच देतो म्हणा." तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ आणि माठ बोलू लागले. रेडिओ म्हणे, "आज वांगे नाई का?" माठ म्हणे, "मोठ्यांनीच परत पाठवले. कीड असंल म्हणे." रेडिओ म्हणे, "असंलच." शेजारच्या काकीने एकदा हे ऐकलं आणि यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घर म सब बने बने हे न?" म्हणजे, घरात सगळं ठीक आहे ना?

एकच गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी होती. मी फोडणी दिली, तेलात मोहरी चरचरली, की भासऱ्यांच्या खोलीतला आवाज थांबायचा. बोलत असतील तर वाक्य मध्येच तुटायचं, खोकत असतील तर खोकला अडायचा. मग थोड्या वेळाने एक लांबलचक श्वास ऐकू यायचा, सुस्कारा टाकावा तसा. मी काय समजायचं? लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून मी ते ऐकत होते. माहेरी आमच्याकडे फोडणीत लसूण जास्त आणि मिरची जळेपर्यंत. यांच्याकडे तसं नसेल. मनाशी म्हणायचे, मोठ्यांना माझ्या हातचं आवडत नाही, पण बोलायची सोय नाही, म्हणून श्वास धरून वेळ काढतात. लसूण कमी करून पाहिला, हिंग वाढवून पाहिला. मोहरी टाकल्याबरोबर परातीने कढई झाकूनही पाहिली. श्वास थांबायचा तो थांबायचाच.

मग एका थंडीत, सकाळी, हे फर्स्ट शिफ्टला गेलेले असताना, भासऱ्यांचा श्वास फोडणी न देताच थांबायला लागला. रेडिओ काही बोलेना. शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी पडदा सारून पाहिलं तर ते खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकून बसलेले, खांदे वरखाली होताहेत, आणि बोटांची नखं जांभळी पडलेली. हात लावायचा नाही. पण पाहत तरी कसं राहणार? मी काकीला हाक मारली. माझा आवाज तिने त्याआधी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे आधी तिला कोणी परकी बाई आली असंच वाटलं. तिने आणि तिच्या मुलाने त्यांना धरून ऑटोत घातलं आणि दुर्गच्या एका दवाखान्यात नेलं.

बरेच दिवस ऑक्सिजनची नळी लावून ठेवलं. सुटी देताना डॉक्टरने यांना आणि भासऱ्यांना समोर बसवलं आणि हसून सांगितलं, बिडीने फुप्फुसं झिजलीत. झिजलं ते परत येत नाही, उरलं ते सांभाळायचं. त्यासाठी हा पंप. रोज घ्यायचा आणि नीट घ्यायचा. नीट घेतला नाही तर पुढची थंडी कठीण, तेव्हा माझ्या हातात काही नसेल. घरी आल्यावर भासरे एवढंच म्हणाले, "हासून सांगे. ज्याले खरं सांगाचं असते तो हासते काय?" आणि तिथेच माशी शिंकली.

पंप म्हणजे बोटाएवढी धातूची कुपी, निळ्या प्लास्टिकच्या तोटीत बसवलेली. वरून दाबली की फुस्स करून औषधाचा फवारा येतो, तो श्वासाबरोबर छातीत ओढायचा. दिसायला सोपं. भासऱ्यांनी मात्र त्याची चौकशीच लावली. आधी तो वाटीतल्या पाण्यात तरंगवून पाहिला, भरलेला की रिकामा. मग उन्हात धरून हवेत एक फवारा सोडला, खरंच काही निघतं का पाहायला. मग कागदावर एक, डाग पडतो का पाहायला. मग भिंतीवरच्या पालीवर एक, ती काय करते पाहायला. पाल पळाली. "पाहा," ते यांना म्हणाले, "जनावराले समजते." पंप महिनाभर पुरायचा तो निम्म्यातच संपला. हे चिडून म्हणाले, "दादा, औषध भिंतीनंच घेतलं. भिंतीले दमा नाई." त्यात औषध घेतल्यावर चूळ भरायची ही सूचना तर त्यांना पुरावाच वाटली. "चांगली गोष्ट खाल्ल्यावर कोणी थुकाले लावते काय?"

तरी भावाच्या धाकाने ते घ्यायचे. यांच्यासमोर तोंडात धरायचे, दाबायचे, आणि म्हणायचे, "घेतला." छातीची शिट्टी मात्र तशीच. न्हाणीघरापर्यंत जाऊन आले की खाटेवर बसून राहत. ते म्हणत, पंप खोटा. हे म्हणत, दादा खोटे. आणि थंडी पुन्हा जवळ यायला लागली होती.

पुन्हा दवाखान्यात दाखवायचं होतं त्या दिवशी यांना सुटी मिळाली नाही, म्हणून मला जावं लागलं. ऑटोत भासरे पुढे ड्रायव्हरला चिकटून आणि मी मागे एकटी. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "साथ में हैं न?" भासरे म्हणाले, "आप को क्या करना?" दवाखान्यात पंप शिकवायला एक केरळची सिस्टर होती. तिने बाकावर पेशंट ओळीने बसवले होते आणि प्रत्येकाच्या हातात बिनऔषधाचा पंप दिला होता. "आता है?" असं ती विचारायची, सगळे "आता है" म्हणायचे, आणि ती कोणावरही विश्वास ठेवायची नाही. "करके दिखाइए." मग कळायचं. एका बाईने झाकण न काढताच पंप तोंडाला लावला. एका आजोबांनी दाबला आणि आत ओढायच्या ऐवजी फुंकर मारली, शंखासारखी. सिस्टर न रागावता पुन्हा पहिल्यापासून सांगायची. आधी हलवा, श्वास बाहेर सोडा, ओठ मिटा, दाबा आणि त्याच वेळी सावकाश आत ओढा, मग धरून ठेवा.

भासऱ्यांची पाळी आली. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर त्यांच्याइतकाच संशयी माणूस उभा होता.

"आता है?"

"पहले आप," भासरे म्हणाले.

सिस्टरने करून दाखवलं.

"इसमें दवाई है?"

"नहीं बाबूजी, ये खाली है. सिखाने का है."

"खाली से क्या सिखाया?"

"ठीक है. भरा हुआ दिखाइए आप." तिने त्यांचाच पंप त्यांच्या हाती दिला.

त्यांनी घेतला, दाबला. ओठांच्या कोपऱ्यांतून धूर निघाला आणि वर गेला. "देखा?" भासरे म्हणाले. "अंदर जाता ही नहीं. दवाई में ही गड़बड़ है."

"दवाई में नहीं. आप कुछ कर रहे हो." सिस्टर बारीक डोळे करून पाहत राहिली. मग तिने वीतभर लांबीची, आरपार दिसणारी प्लास्टिकची डबी काढली. पंप तिच्या एका टोकाला लावायचा, तोंड दुसऱ्या टोकाला. औषध आधी डबीत उतरतं, मग आपण आरामात ओढायचं. भासऱ्यांनी डबी डोळ्याला लावून आतून मला, सिस्टरला आणि पंख्याला पाहिलं, आणि परत दिली. "आधी दवाई तो इसमें रह जाएगी. किसके लिए?"

निघताना सिस्टरने मला बाजूला घेतलं. "आप घर में देखिए. जब दबाते हैं न, तब मुँह देखिए. वहीं कुछ होता है."

मी पदराआडून म्हटलं, "मैं नहीं देखती."

"क्यों?"

"छोटे भाई की बहू हूँ."

ती म्हणाली, "तो क्या हुआ? साँस देखो, जेठ को मत देखो."

जेठ म्हणजे भासरेच. हे वाक्य घेऊन मी घरी आले. भासऱ्यांच्या खोलीत दाढी करायचा आरसा टांगलेला होता. पंप ते त्या आरशासमोरच घ्यायचे, धूर कुठून निघतो ते पकडायला. पडद्याची कड थोडी सरकवली की चुलीजवळून मला आरसा दिसायचा. आरशात पाहणं म्हणजे समोरून पाहणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आणि पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. मला वाटला होता त्याहून म्हातारा, आणि खूपच कमी रागीट.

त्यांनी पंप तोंडात धरला. दाबला. फुस्स झालं, आणि त्याच क्षणी गळ्याची शीर ताठली, गाल दगडासारखे झाले, मान एका बाजूला वळली. छाती तसूभरही हलली नाही. धूर तोंडातच फिरून बाहेर आला.

मला तो चेहरा माहीत नव्हता, पण ती शांतता माझ्या ओळखीची होती. ती माझ्या फोडणीची शांतता होती. पयले दम बंद, मंग तोंड फिरवाचं. पोरांना शिकवता शिकवता हा माणूस स्वतः तो धडा इतका पक्का शिकला होता, की नोकरी सुटली तरी धडा सुटला नव्हता. फुस्स गॅसचं असो, मोहरीचं असो, की औषधाचं. त्यांचं अंग त्यांना न विचारता दार लावून घेत होतं. आणि ते बिचारे पंपावर संशय घेत होते.

हे त्यांना सांगायचं कसं? यांना सांगितलं तर हे रागावून बोलतील आणि ते ऐकणार नाहीत. थंडी तर आलीच होती. मी पाण्याचा पेला घेऊन माठाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

"माठा," शेवटी मी म्हटलं, "फुस्स झालं का मोठ्यांचा दम बंद होते. औषध दारातच राहते."

भासरे खोकले. मग, "रेडिओ, माया दम मायाच छातीत हाय. तो कवा बंद होते, हे माठाले कसं समजलं?"

"माठ रोज ऐकते. फोडणी दिली का असंच होते. लगन झाल्यापासून ऐकून राहिला." मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "माठाले वाटे, मोठ्यांले फोडणी आवडत नाई."

 मग खाट कुरकुरली.

"रेडिओ," ते हळू म्हणाले, "फोडणी द्या म्हणा."

दुपारची वेळ, डाळ सकाळीच झालेली. तरी मी कढई ठेवली, तेल तापवलं, मोहरी टाकली. चरचर झाली. पलीकडे सगळं थांबलं. मी आरशात पाहिलं: भासरे स्वतःच्या छातीवर हात ठेवून आरशातल्या माणसाकडे बघत होते, चोर सापडल्यासारखे. मग लसणाचा वास सुटला आणि त्यांनी तो लांब श्वास घेतला, सावकाश, पार तळापर्यंत. त्या दिवशी भासऱ्यांनी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला आणि तो खरा निघाला. जन्मभर घेतलेल्या संशयांत बहुधा तेवढाच.

"बंद होते खरं," ते म्हणाले. मग हसले, हसता हसता खोकले, आणि खोकून झाल्यावर म्हणाले, "रेडिओ, माठाले सांग. दूध मी पाह्यतो. टरबूज पाह्यतो. डॉक्टर पाह्यतो. पडद्याच्या तिकडून जे ताट येते, ते मी कवा पाह्यलं काय?"

मी आठवून पाहिलं. खरंच कधी पाहिलं नव्हतं. गंजातल्या दुधात बोट बुडवणारा माणूस त्याच दुधाचा चहा, माझ्याकडून गेला की, न बघता प्यायचा. वांगं परत पाठवणारा माणूस माझ्या भाजीत चमच्याने ढवळून कधी पाहत नव्हता.

"दम आधी धरतो, ते सवयीनं," रेडिओला ते सांगत होते. "मंग वास येते. तो वास मी सोडत नाई. जेवाच्या आधी अर्धं जेवण तेच हाय."

म्हणजे तो सुस्कारा नव्हता. मला कढईत काही दिसेना. मी डोळ्यांना पदर लावला आणि फोडणी करपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुर्गला गेलो. भासऱ्यांनी सिस्टरला स्वतःच सगळं सांगितलं, जणू गुन्हेगार त्यांनीच पकडून आणला होता. ती टाळी वाजवून म्हणाली, "इसलिए तो डिब्बी!" फुस्स डबीत होऊ दे, दम बंद व्हायचा तो होऊ दे, लगेच सुटू दे, मग ओढा. पण डबीतून ओढताना आता वेगळीच गंमत झाली. ते बिडीसारखं ओढायचे, गाल आत घेऊन, तोंडापुरतं. सिस्टर म्हणे, "लंबा, धीरे, छाती तक." ते पुन्हा बिडीसारखं. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा मला राहवलं नाही. तिथे माठ नव्हता. मी बाकाला सांगितलं, "फोडणीचा वास घेतात, तसं."

भासऱ्यांनी मान वळवली नाही. डोळे मिटले, दाबलं. दम थांबला, सुटला, आणि मग तो लांब श्वास, तोच, जो मी इतकी वर्षं पडद्यामागून ऐकत होते, डबीतून आत गेला. धूर कुठूनच बाहेर आला नाही. सिस्टर वाकून त्यांचं तोंड, नाक, डबी, सगळं तपासत राहिली आणि म्हणाली, "फिर से दिखाइए." भासऱ्यांना ती तेव्हापासून आवडायला लागली. "बाई हुशार हाय," ते ऑटोत ड्रायव्हरला म्हणाले. "कोणाचंच खरं मानत नाई."

ती थंडी गेली, आणि तिच्यानंतरच्याही गेल्या. भासरे कोपऱ्यापर्यंत जाऊन कुलूप ओढायला परत येऊ लागले, यावरून आम्ही ओळखलं की छाती बरी आहे. दवाखान्यात दाखवायला गेले की आपलं काम झालं तरी ते बाकावर बसून राहत आणि दुसऱ्यांचे ओठ पाहत. कोणी नवा म्हातारा "आता है" म्हणाला की सिस्टरच्या आधी भासरेच म्हणायचे, "करके दिखाओ." तो दाखवी. "कोने से निकला. झूठ मत बोलो, भाऊ, छाती तुम्हारी है." एखादा डबी घ्यायला कुरकुरला तर ते त्याच्याकडे आपलेपणाने पाहायचे आणि म्हणायचे, "हमको भी शक था. शक करो. लेकिन पहले खींचो." पंपावर त्यांचा विश्वास बसला असं मात्र मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत तो हलवून कानाशी धरायचे आणि यांना विचारायचे, "मागच्यापेक्षा हलका लागून राहिला काय?" चूळही भरायचे ती अशा तोंडाने, की कोणी विषच दिलंय.

ते गेले ते छातीने नाही. म्हातारपणाने गेले, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, जेवून झोपले ते उठले नाहीत. ताट रिकामं करून ठेवलेलं होतं. डॉक्टरने येऊन पाहिलं आणि सांगितलं, तेव्हा मला वाटलं, आता विचारतील, "नीट पाह्यलं काय जी?"

रेडिओ अजून त्या खिडकीत आहे. हे म्हणाले, दुरुस्त करून आणतो, गाणी ऐकशील. मी नको म्हटलं. आता घरात पडदाही नाही, काढून ठेवला. आडोसा कोणापासून करायचा? मी स्वयंपाक करते तिथून सरळ त्यांची खोली दिसते, खाट दिसते, आरसा दिसतो. मोहरी टाकली, ती चरचरली, की माझाच श्वास थांबतो. पलीकडच्या श्वासासाठी मी कान देते. मग लसणाचा वास सुटतो, आणि त्यांच्या वाटचा तो लांब श्वास मीच घेते, सावकाश, पार तळापर्यंत.